खानदेशचे ताट आणि गावची विहीर

अन्नाचा विचार करताना सामान्यतः दोन प्रश्न विचारले जातात : ते पुरेसे आहे काय, आणि ते परवडते काय? हे दोन्ही प्रश्न मूलभूत आहेत. ज्या घरात संध्याकाळची चूल पेटण्याची खात्री नाही, तेथे अन्य कोणताही विचार त्यानंतरच येतो. तथापि ज्या घरात, ज्या गावात आणि ज्या जिल्ह्यात या प्रश्नांचे उत्तर बऱ्याच अंशी मिळाले आहे, तेथे एक तिसरा प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे. ताटात वाढलेले अन्न पिकविताना कोणाचे पाणी, कोणती जमीन आणि कोणाचे श्रम खर्ची पडले, आणि पुढच्या पिढीसाठी त्यातले काय शिल्लक राहिले, हा तो प्रश्न होय.

या प्रश्नाचा अभ्यास करण्यास खानदेशाइतका योग्य प्रदेश क्वचितच सापडेल. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठ्याच्या रांगा, पश्चिमेस सह्याद्रीचे फाटे आणि मधून वाहणारी तापी, अशी या प्रदेशाची रचना आहे. १९०६ मध्ये जुन्या खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. तेच पुढे जळगाव आणि धुळे या नावांनी ओळखले जाऊ लागले. १९९८ मध्ये धुळे जिल्ह्यातून नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा निर्माण झाला. तापीकाठची काळी कसदार जमीन, माळावरची हलकी जमीन आणि डोंगरातील रान असे तिन्ही प्रकार येथे शेजारी शेजारी नांदतात. सपाटीवरील पाऊस मात्र सरासरीने ६०० ते ७५० मिलिमीटरच्या आसपास असतो आणि त्याचा भरवसा नसतो. अशा प्रदेशात लोक काय खातात यावर शेतात काय पेरले जाईल हे अवलंबून असते. आणि काय पेरले जाते यावर विहिरीत किती पाणी राहील हे ठरते. आहाराची निवड ही म्हणूनच केवळ घरापुरती बाब राहत नाही.

कळण्याच्या भाकरीमागील शास्त्र

खानदेशाचा जुना आहार हा कोरडवाहू शेतीचा आहार होता. खरिपाची ज्वारी आणि बाजरी, रब्बीची दादर, तूर, उडीद, मूग, भुईमूग, अंबाडी, लाल मिरची आणि वांगी एवढ्या सामग्रीवर येथील स्वयंपाकघराने आपले वैभव उभे केले. ज्वारीत सालासह अख्खे उडीद मिसळून दळलेल्या पिठास 'कळणा' म्हणतात. कळण्याची भाकरी, ठेचा आणि वांग्याचे भरीत हे आज पाहुण्यांना कौतुकाने वाढले जाणारे जेवण मुळात कष्टकऱ्यांच्या शिदोरीतले आहे.

या भाकरीमागे आहारशास्त्राचे एक तत्त्व दडलेले आहे. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन हा शरीरास आवश्यक असलेला घटक कमी असतो. उडदात तो भरपूर असतो. उलट उडदात जो गंधकयुक्त घटक कमी असतो, तो तृणधान्यातून मिळतो. दोहोंचे मिश्रण केल्याने एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघते आणि प्रथिनाची प्रत सुधारते. तूरडाळ भरडून वाफविलेले फुनके, ज्वारीची बिबडी, बाजरीची भाकरी आणि उडदाची डाळ यांतही हाच मेळ आढळतो. बाजरीत दर १०० ग्रॅमला सुमारे ६ ते ८ मिलिग्रॅम लोह असते. डोंगरातील नागलीत दर १०० ग्रॅमला सुमारे ३४० ते ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तर पांढऱ्या तांदळात ते सुमारे १० मिलिग्रॅम एवढेच भरते.

जे ताटात एकत्र आले, ते शेतातही एकत्र होते. ज्वारीच्या ओळींमध्ये तूर, बाजरीत मूग किंवा उडीद ही येथील परंपरागत मिश्रपिकाची पद्धत होय. कडधान्यांच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू हवेतील नत्र जमिनीत स्थिर करतात. पाऊस लवकर संपला तर एक पीक जाते, पण दुसरे हाती लागते. धान्य माणसांना मिळाले, कडबा जनावरांना मिळाला आणि जनावरांचे शेणखत पुन्हा शेताला मिळाले. अशा रीतीने हे वर्तुळ पुरे होत असे. ज्वारीला साधारणतः ४५० ते ६५० मिलिमीटर पाणी लागते. म्हणजे बऱ्यापैकी पावसाच्या वर्षी ते आकाशातूनच मिळते. विहिरीस हात लावावा लागत नाही.

ज्वारी मागे का पडली?

हे सर्व खरे असले, तरी गेल्या पन्नास वर्षांत ज्वारीचे क्षेत्र उत्तरोत्तर घटत गेले आणि कापूस, मका व बागायती पिके पुढे आली. याचा दोष शेतकऱ्याच्या किंवा गृहिणीच्या माथी मारणे सोपे आहे. परंतु ते न्याय्य नाही. कारणे समजून घेतल्यावाचून उपाय सापडणार नाही.

पहिले कारण शेतातले. १९६४ मध्ये सी.एस.एच.-१ ही पहिली संकरित ज्वारी आली आणि उत्पादन वाढले. परंतु लवकर तयार होणाऱ्या या ज्वारीचे दाणे पावसात सापडू लागले, त्यांवर बुरशी चढून ते काळे पडू लागले आणि बाजारात त्यांना भाव मिळेना. ज्वारीला पाखरांपासून राखण लागते, कापणी व मळणीस मजूर लागतात. कापसाच्या व मक्याच्या रोख पैशापुढे हे सर्व महाग वाटू लागले.

दुसरे कारण शिधावाटपाचे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील जनतेने परदेशातून आलेली लाल 'मिलो' ज्वारी खाल्ली आणि दुष्काळी कामांवर सुकडीचा आधार घेतला. धान्य मिळणे हेच त्या काळी सर्वांत मोठे नैतिक कर्तव्य होते आणि शासन व समाज यांनी ते पार पाडले. पुढे स्वस्त धान्य दुकानांतून प्रामुख्याने गहू आणि तांदूळ मिळत गेले. यामुळे भूक भागली हे निर्विवाद आहे. परंतु घरात गहू-तांदूळ आला की शेतात घरच्यापुरती ज्वारी पेरण्याचे कारण उरत नाही, हा त्याचा अनुषंगिक परिणामही नोंदविला पाहिजे.

तिसरे कारण चुलीपुढचे. गव्हाची कणीक साठवून ठेवता येते. बाजरीच्या पिठात स्निग्धांश अधिक असल्याने ते काही दिवसांतच खवट होते. भाकरी थापण्याचे काम कौशल्याचे आणि कष्टाचे आहे, आणि ते बहुशः एकट्या स्त्रीच्या वाट्याला येते. शेतावर दिवसभर राबून आलेल्या स्त्रीने पोळी किंवा भात पसंत केला, तर तिला परंपरेचे धडे देण्यापेक्षा तिच्या कामात वाटेकरी होणे अधिक उचित ठरेल. गावातील गिरणीत ज्वारी-बाजरी थोडी थोडी आणि ताजी दळून मिळणे, बचत गटाने कळण्याचे पीठ तयार करून विकणे, घरातील पुरुषांनी स्वयंपाकाचा भार उचलणे या गोष्टी येथे उपदेशापेक्षा अधिक उपयोगी पडतात.

चौथे कारण प्रतिष्ठेचे. भाकरी गरिबाची आणि पोळी श्रीमंताची, असा समज पुष्कळ काळ रूढ होता. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले. तेव्हापासून शहरांत या धान्यांना मान मिळू लागला आहे. तो मान शेतकऱ्याच्या हाती भावाच्या रूपाने पडला, तरच पेरा वाढेल.

फडपद्धतीची शिकवण

पाण्याच्या मानाने पीक घ्यावे, हा विचार खानदेशास नवा नाही. धुळे जिल्ह्यातील पांझरा आणि शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील मोसम या नद्यांच्या खोऱ्यांत तीनशे वर्षांहून अधिक काळ 'फड' नावाची सिंचनपद्धती चालत आली. नदीवर दगडी बंधारा घालून पाणी पाटाने शेतांकडे वळविले जाई. भिजणाऱ्या क्षेत्राचे तीन-चार मोठे भाग पाडले जात. त्या प्रत्येक भागास फड म्हणत. एका फडात एका हंगामात एकच पीक घेतले जाई आणि दरवर्षी पिकांची फेरपालट होई. नदीला पाणी भरपूर असेल तर एका फडात ऊस; पाणी बेताचे असेल तर गहू किंवा ज्वारी; आणि फारच कमी असेल तर काही फड कोरडेच ठेवायचे, असा निर्णय लाभधारक शेतकरी पंचांच्या विचाराने घेत.

एकेका शेतकऱ्याची जमीन बहुधा निरनिराळ्या फडांत विभागलेली असे. त्यामुळे फड कोरडा ठेवण्याचा तोटा आणि ऊस घेण्याचा लाभ सर्वांच्या वाट्याला कमीअधिक सारखाच येई. पाट राखण्यास पाटकरी, पाळीप्रमाणे पाणी देण्यास बारेकरी, पिकांवर नजर ठेवण्यास जागल्या आणि या सर्वांवर देखरेख करण्यास हवालदार, अशी माणसे नेमलेली असत व त्यांचा मोबदला शेतकरी देत.

नदीच्या वरच्या अंगास धरणे झाली, खाजगी विहिरी व पंप वाढले आणि ही पद्धती बऱ्याच ठिकाणी क्षीण झाली. तिचा जसाच्या तसा अवलंब आज सर्वत्र करता येईल असे नाही. तिच्यातील तत्त्व मात्र जुने झालेले नाही. पाणी सर्वांचे असेल, तर कोणते पीक घ्यावे हा निर्णयही एकट्याचा राहू शकत नाही. नदीचे पाणी डोळ्यांना दिसते, त्यामुळे त्याचे नियम करणे सोपे होते. भूगर्भातील पाणी दिसत नाही. ज्याची विहीर खोल आणि ज्याचा पंप मोठा, त्याचे ते होऊन बसते. शेजाऱ्याची विहीर आटते तेव्हा अन्याय झाल्याचे कोणाच्या ध्यानीही येत नाही.

केळी : अभिमान आणि जबाबदारी

जळगाव जिल्ह्याचे नाव देशभर झाले ते केळीमुळे. रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांतील शेतकऱ्यांनी कष्टाने आणि कल्पकतेने हे पीक वाढविले. जळगावच्या केळीस आणि जळगावच्या भरिताच्या वांग्यास २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. केळी हे स्वस्त, पौष्टिक आणि गरिबासही परवडणारे फळ आहे. हजारो कुटुंबांचा चरितार्थ त्यावर चालतो. यास्तव केळीस दोष देऊन हा प्रश्न सुटणार नाही.

तरीही हिशेब मांडला पाहिजे. उष्ण व कोरड्या हवेत केळीस वर्षाला १,८०० ते २,२०० मिलिमीटरपर्यंत पाणी लागू शकते. पाऊस ७०० मिलिमीटर धरला, तर किमान १,००० मिलिमीटरची तूट राहते. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे १०,००० लिटर. या हिशेबाने एका हेक्टरची तूट भरून काढण्यास वर्षाला एक कोटी लिटर पाणी उपसावे लागते. सातपुड्याच्या पायथ्याशी गोटे, वाळू आणि माती यांच्या जाड थरांचा पट्टा आहे. डोंगरातून येणारे पाणी या थरांत खोलवर मुरते आणि तेच खालच्या विहिरींना मिळते. मुरते त्याहून अधिक पाणी वर्षानुवर्षे उपसले गेल्यामुळे या पट्ट्यातील विहिरी व कूपनलिका उत्तरोत्तर खोल न्याव्या लागल्या. भूजल मूल्यांकनात यावल व रावेर तालुक्यांची नोंद अनेक वर्षे अतिशोषित क्षेत्रांत होत आली आहे.

या अडचणीवर येथील शेतकऱ्यांनी शोधलेला उपाय म्हणजे ठिबक सिंचन. पाणी थेट मुळाशी दिल्याने बाष्पीभवन व पाझर कमी होतो, खते पाण्यातूनच देता येतात आणि पाण्यात ३० ते ५० टक्क्यांपर्यंत बचत होऊ शकते. ठिबकच्या प्रसारात जळगाव अग्रेसर राहिले आहे. परंतु वाचलेल्या पाण्याचे काय होते, हा प्रश्न उरतोच. त्या पाण्यावर आणखी एक एकर बाग उभी राहिली, तर शेतकऱ्याचे उत्पन्न वाढते, पण विहिरीची पातळी वाढत नाही. नळ्यांची बचत विहिरीपर्यंत पोहोचावयाची असेल, तर तिला गावाच्या नियमाची जोड लागते. बागेचे क्षेत्र पाण्याच्या ताळेबंदाप्रमाणे राखणे, पायथ्याच्या नाल्यांवर पुनर्भरणाची कामे करणे आणि काही क्षेत्र कडधान्याच्या फेरपालटासाठी मोकळे ठेवणे, हा त्या नियमाचा आशय असावा.

बारीपाड्याचे रान

शेताइतकेच रानही अन्न देते. साक्री तालुक्यातील बारीपाडा हे आदिवासी वस्तीचे छोटे गाव याचे उत्तम उदाहरण आहे. तीन दशकांपूर्वी गावाभोवतीचे डोंगर बोडके झाले होते आणि उन्हाळ्यात पाण्याचे हाल होत. १९९० च्या दशकात श्री. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने ग्रामस्थांनी वन राखण्याचा निश्चय केला. वृक्षतोड व चराई यांवर बंदी घालण्यात आली, राखणदार ठेवण्यात आले आणि नियम मोडणाऱ्यास दंड ठरविण्यात आला. डोंगरउतारावर चर खणून पाणी मुरविण्यात आले. अशा रीतीने ४०० हेक्टरांहून अधिक वन पुन्हा उभे राहिले आणि विहिरींना पाणी टिकू लागले. या कार्याबद्दल श्री. पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

या गावात गेली सुमारे दोन दशके वनभाज्यांच्या पाककृतींची स्पर्धा भरविली जाते. परिसरातील स्त्रिया रानातील पाने, फुले, शेंगा, कंद व कोंब यांचे पदार्थ करून आणतात आणि पदार्थाबरोबर त्या वनस्पतीची माहितीही सांगतात. कोणती भाजी कोणत्या नक्षत्रात उगवते, तिचा कोणता भाग खावा, कोणता टाकावा, हे ज्ञान पुस्तकांत नव्हे तर या स्त्रियांच्या स्मरणात आहे. पावसाळ्याच्या आरंभी घरातील धान्य संपत आलेले असते. त्या काळात टाकळा, कुर्डू, करटुली, बांबूचे कोंब, शेवग्याचा पाला यांवर डोंगरातील घरे दिवस काढीत आली आहेत.

वनभाज्यांना शहरात मागणी येऊ लागली, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. तथापि तिच्याबरोबर दोन पथ्येही आली पाहिजेत. पहिले असे की, मुळासकट उपटू नये, बी धरणारी काही झाडे राखावीत आणि पहिला हक्क गावच्या ताटाचा मानावा. दुसरे असे की, माहीतगाराच्या ओळखीवाचून कोणतीही वनस्पती खाऊ नये. काही कंद अनेकदा उकळून व पाणी टाकून दिल्याखेरीज खाण्यायोग्य होत नाहीत. वनहक्क मान्यता अधिनियम, २००६ अन्वये वन, जैवविविधता व पाणलोट क्षेत्र यांचे रक्षण करण्याचा अधिकार ग्रामसभेस मिळाला आहे. त्या अधिकाराचा अन्नाशी असलेला संबंध बारीपाड्याने कृतीने दाखविला.

शेतापासून ताटापर्यंत

योग्य पीक निवडले, तरी ते निर्मळ स्थितीत खाणाऱ्यापर्यंत पोहोचविणे हे कर्तव्य उरते. केळी व आंबे झटपट पिकविण्यासाठी कॅल्शियम कार्बाइड वापरण्यास कायद्याने बंदी आहे. कारण त्यापासून निघणाऱ्या वायूत आर्सेनिक व फॉस्फरस यांच्या विषारी संयुगांचे अंश असू शकतात. इथिलीन वायूच्या साहाय्याने नियंत्रित खोलीत फळे पिकविण्याची पद्धत मान्य असून तिची मर्यादाही ठरवून दिलेली आहे. भाजीपाल्यावर औषध फवारल्यानंतर काढणीपूर्वी किती दिवस थांबावे, हे वेष्टनावर छापलेले असते. बाजारभाव चढला म्हणून तो काळ न पाळता वांगी तोडणे म्हणजे अनोळखी घरातील मुलांच्या ताटात विष वाढण्यासारखे आहे. जे घरच्या चुलीवर चढविण्यास मन धजत नाही ते बाजारात पाठवू नये, एवढी कसोटी येथे पुरेशी आहे.

श्रमाचा विचारही याच ठिकाणी येतो. धुळे-नंदुरबारच्या डोंगराळ भागातून आणि चाळीसगाव परिसरातून अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी दरवर्षी परमुलखात जातात. साखरेचा प्रत्येक चमचा त्या स्थलांतराशी जोडलेला आहे. मजुरास योग्य मजुरी, त्याच्या मुलांना शाळा आणि कामाच्या जागी पाणी व सावली मिळाली काय, हा प्रश्न अन्नाच्या शुद्धतेइतकाच महत्त्वाचा होय.

शेवटची पायरी नासाडीची. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातील सुमारे ६० टक्के घराघरांतून गेले. खानदेशातील लग्नकार्ये व भंडारे यांतील वरण-बट्टीच्या पंगती प्रसिद्ध आहेत. पंगतीत आग्रह करून वाढणे हा आपला शिष्टाचार आहे. तो सोडण्याचे कारण नाही; परंतु आग्रह खाणाऱ्याच्या भुकेइतकाच असावा. पत्रावळीवर टाकलेल्या बट्टीबरोबर गहू, पाणी, सरपण आणि मळणाऱ्या हातांचे कष्ट एकदमच फेकले जातात.

निवड कोणाची?

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. आहारातील नीतीचा विचार हा दुसऱ्याच्या ताटात डोकावण्याचा परवाना नव्हे. कोणी मांसाहार करतो, कोणी करीत नाही. कोणी सुकट खातो, कोणी दूधतूप खातो. माळावरील चाऱ्यावर वाढलेली शेळी किंवा परसातील कोंबडी ही भूमिहीन कुटुंबाची शिल्लक आणि मुलांचे प्रथिन असते. पदार्थाच्या नावावरून माणसाची पायरी ठरविणे हा विवेक नसून जुना अविवेकच आहे. सातपुड्याच्या परिसरात बालकांचे कुपोषण हा आजही चिंतेचा विषय आहे. अशा घरांना कमी खाण्याचा किंवा निवडून खाण्याचा उपदेश करणे अनुचित होय. ज्यांच्या हाती निवड करण्याचे सामर्थ्य अधिक, त्यांची जबाबदारी अधिक, हा येथील न्याय आहे.

हे सामर्थ्य व्यक्तींपेक्षा संस्थांच्या हाती अधिक असते. एका घराने आठवड्यातून दोन दिवस भाकरी खाल्ल्याने बाजार बदलत नाही. शाळा, आश्रमशाळा, वसतिगृह, अंगणवाडी आणि स्वस्त धान्य दुकान यांनी ज्वारी-बाजरी व स्थानिक कडधान्ये नियमितपणे घेतली, तर शेतकऱ्यास पेरणीपूर्वीच खात्रीचे गिऱ्हाईक मिळते. राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियम, २०१३ मध्ये गहू व तांदूळ यांबरोबर भरडधान्याचाही समावेश आहे. शालेय पोषण आहारात प्राथमिक वर्गातील मुलास दररोज ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने आणि उच्च प्राथमिक वर्गातील मुलास ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने देण्याचे प्रमाण ठरलेले आहे. या प्रमाणात तृणधान्य व कडधान्य यांचा मेळ घालण्यास कळण्यासारखे स्थानिक पदार्थ उपयुक्त ठरतात. शाळेच्या परसबागेतील शेवगा, अंबाडी व तांदुळजा यांची त्यास जोड देता येते.

गावपातळीवर करण्याजोगे

ग्रामपंचायतींनी दरवर्षी पावसाळा संपताच गावातील निवडक विहिरींची पातळी मोजून ती फलकावर लिहावी आणि रब्बीच्या पेऱ्यापूर्वी ग्रामसभेत तिच्यावर विचार करावा. त्या वर्षीच्या पाण्यात किती क्षेत्रावर गहू, केळी वा ऊस पेलेल आणि किती क्षेत्र हरभरा किंवा दादर ज्वारीसाठी राखावे, याचा अंदाज त्यातून येईल. या निर्णयामुळे ज्यांना झळ पोहोचते, त्यांची भरपाई कशी होईल याचाही विचार त्याच बैठकीत व्हावा. फडपद्धतीत तोटा वाटून घेतला जाई, म्हणूनच नियम पाळला जाई.

शिक्षकांनी हा विषय पाठ्यपुस्तकापुरता न ठेवता मुलांकडून घरोघरच्या आहाराची आणि वयस्कर स्त्रियांना माहीत असलेल्या वनभाज्यांची नोंद करून घ्यावी. कृषी व पुरवठा खात्यांच्या अधिकाऱ्यांनी स्थानिक ज्वारी, बाजरी व कडधान्यांची खरेदी गावाजवळ आणि वेळेवर होईल याकडे लक्ष पुरवावे. बचत गटांना दळण, साफसफाई व वेष्टन यांची साधने मिळाल्यास कळण्याचे पीठ व बिबडी यांतून स्त्रियांना उत्पन्नही मिळेल आणि घरच्या कामाचा भारही हलका होईल.

पाणी, जमीन आणि रान या तीन ठेवी मागील पिढ्यांनी खानदेशाच्या स्वाधीन केल्या. रोजच्या जेवणातून त्यांचे व्याज खाल्ले जाते की मुद्दल, याचा हिशेब गावागावाने ठेवला पाहिजे. तो ठेवण्यासाठी लागणारी साधने फार मोठी नाहीत. विहीर मोजण्यास एक दोरी, लिहिण्यास एक फळा आणि एकत्र बसून ठरविण्यास ग्रामसभा एवढी साधने प्रत्येक गावापाशी आहेत.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावात पन्नास वर्षांपूर्वी कोणती धान्ये व कडधान्ये पिकत होती? आज त्यांपैकी कोणती उरली आहेत, आणि बाकीची का गेली?

२. गावातील विहिरींची पातळी मागील वर्षीच्या तुलनेने किती बदलली? त्यामागे पावसाचा वाटा किती आणि पिकांचा वाटा किती?

३. शाळेच्या आहारात गावात पिकलेला कोणता पदार्थ आठवड्यातून एकदा देता येईल? त्यासाठी धान्य, दळण व मजुरी यांची व्यवस्था कोण करील?

४. गावच्या पंगतीत उरलेल्या व टाकलेल्या अन्नाचे मोजमाप एकदा करून पाहावे. तेवढे अन्न पिकविण्यास किती जमीन लागली असेल?